दोन टाक्यांमधली भिंत

क्लेटनने कमोडचं झाकण उघडून आत टॉर्च मारला, तेव्हा मनोरमाबाईंनी नाकाला पदर लावला. वास काही येत नव्हता. त्यांच्या घरात संडासाला वास येण्याची हिंमत नव्हती. पण एक परका तरुण, तोही बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून, आपल्या संडासात वाकून बघतोय, हे दृश्यच त्यांना ओंगळ वाटत होतं.

"काकू, एकदा फ्लश करा ना."

"तुम्हीच करा. तिथेच तर उभे आहात."

त्याने फ्लश केला आणि भिंतीला कान लावून पाणी खाली जाण्याचा आवाज ऐकत राहिला. मग बाथरूमच्या फरशा एका लहान हातोडीने ठोकल्या. ओल मोजायचं, दोन टोकांचं एक यंत्र भिंतीला टेकवून त्यावरचा आकडा वाचला. सगळं करून झाल्यावर त्याच हातांनी त्याने खिशातला मोबाइल काढला आणि मनोरमाबाई मनातल्या मनात शहारल्या.

सुनेने सासूचं घर तपासायला माणूस पाठवायचा! अख्ख्या बोळिंजमध्ये असं कुणाच्या वाट्याला आलं नसेल. सुरुचीने मात्र ते अगदी शांतपणे ठरवलं होतं. आपला मुलगा आयुष परत त्या घरात राहायला येईल, पण घर वरपासून खालपर्यंत तपासून घेतल्यावरच, असं तिने नवऱ्यामार्फत, म्हणजे सिद्धेशमार्फत, कळवलं. पोरगा बापासारखा मवाळ. आईचा निरोप बायकोला आणि बायकोचा आईला, एवढंच काम त्याने गेले काही महिने केलं होतं.

आयुष सात वर्षांचा. मागच्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली आणि त्यातून उठतो न उठतो तोच दिवाळीच्या तोंडावर टायफॉइड. दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, एक तर पाणी, नाहीतर बाहेरचं खाणं. मनोरमाबाईंनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. सुरुची अंधेरीला नोकरीला, यायला उशीर, आली की मोबाइलवरून काहीतरी मागवायची. शनिवारी पोराला घेऊन गेटबाहेरच्या पाणीपुरीच्या गाडीवर. त्या गाडीवाल्याची नखं मनोरमाबाईंनी एकदा पाहिली होती आणि दोन दिवस त्यांना जेवण गेलं नव्हतं. टायफॉइडमधून उठलेलं ते काडीसारखं पोर बघून एका सकाळी त्यांचा तोल सुटला. "आई आहेस की कोण? मुलाच्या पोटात घाण कालवतेस तू," असं त्या म्हणाल्या, आणखीही बरंच म्हणाल्या. सुरुचीने उलट उत्तर दिलं नाही. त्याच महिन्यात तिघांनी पापडीला रोझलिनबाईंच्या बंगल्यावरचा मजला भाड्याने घेतला. हा क्लेटन त्या रोझलिनबाईंचाच मुलगा. सिव्हिल इंजिनियर होता आणि जुने फ्लॅट घेणाऱ्यांना आधी घर तपासून द्यायचा धंदा करत होता.

"किचन बघू?"

"बघा की. आता काय राहिलंय बघायचं."

स्वयंपाकघरात मात्र त्यांची मान ताठ झाली. ओट्यावर पाण्याचा थेंब नव्हता. सिंक कोरडं. पाणी गाळायचं मशीन भिंतीवर होतं, पण त्याची वायर गुंडाळून ठेवलेली.

"हे बंद आहे?"

"सुनेने आणलं होतं. मशीनचं पाणी मेलेलं असतं, अंगी लागत नाही. आमच्याकडे हंडा आहे."

ओट्याच्या कोपऱ्यात तांब्याचा हंडा होता. मनोरमाबाई तो एक दिवसाआड चिंचेने घासत आणि रात्री भरून ठेवत. सकाळी अनशापोटी त्यातलं ग्लासभर पाणी घरातल्या प्रत्येकाने प्यायचं, हा त्यांचा नियम होता. आयुष कुरकुरायचा. त्या त्याच्यासमोर उभ्या राहायच्या आणि ग्लास रिकामा झाल्याशिवाय हलायच्या नाहीत. "तळाशी ठेवायचं नाही. सगळं संपव," म्हणायच्या. कावीळ झाल्यावर तर दोन ग्लास.

क्लेटनने हंड्यात डोकावलं. मग बाहेर येऊन म्हणाला, "घर ओके आहे काकू. बाथरूमच्या फरशांचे सांधे थोडे उघडलेत, भरून घ्या. किचनची बाहेरची भिंत ओल धरतेय, पण ते सगळीकडेच आहे इकडे. बाकी एकदम क्लीन."

"ऐकलंत का हो?" मनोरमाबाईंनी हॉलकडे तोंड करून आवाज चढवला.

आत्माराम पेपर वाचत होते. ते सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि निवृत्त झाल्यापासून तेच त्यांचं ऑफिस होतं. त्यांनी मान हलवली.

"आता फक्त खालची पाण्याची टाकी बघतो," क्लेटन म्हणाला. "मॅडमनी स्पेशली सांगितलंय."

"टाकी कशाला?" आत्माराम म्हणाले. "टाकी सोसायटीची. तिचा आमच्या घराशी काय संबंध? आणि परवाच साफ करून घेतलीय."

"पाच मिनिटांचं काम आहे काका."

"चावी वॉचमनकडे असेल. तो आत्ता नाहीये."

"चावी इथे खुंटीला आहे," मनोरमाबाई म्हणाल्या. त्यांना आता चेव आला होता. एवढी शोभा झालीच आहे तर काही म्हणजे काही शिल्लक राहू नये. "उघडून दाखवा हो त्याला. होऊ दे एकदाचं समाधान. उद्या पुन्हा म्हणायला नको, टाकी राहिली बघायची म्हणून."

आत्माराम पेपरची घडी घालत बसले. घडी नीट येईना. शेवटी मनोरमाबाईंनीच चावी काढली आणि पुढे झाल्या.

पार्किंगमध्ये टाकीच्या झाकणावर शांताराम तावड्यांची स्कूटर उभी होती. तावडे सोसायटीचे खजिनदार. स्कूटर हलवायला ते खाली आले आणि कसली तपासणी, कुणी सांगितली, नोटीस कुठे आहे, असं विचारत तिथेच थांबले. क्लेटन त्यांच्याकडे बघत नव्हता. तो टाकीच्या झाकणाशेजारच्या दुसऱ्या झाकणाकडे बघत होता.

"हे कसलं?"

"सेप्टिक टँक," आत्माराम म्हणाले.

"इतकी जवळ?"

"बिल्डरने दिली तशी. पार्किंगला जागा हवी होती ना सगळ्यांना."

"नियमाने या दोघांत अंतर सोडावं लागतं काका. इथे तर मधे एकच भिंत दिसतेय."

"भिंत आहे ना पण," तावडे म्हणाले.

क्लेटनने बॅगेतून रंगाची एक पुडी काढली, बादलीभर पाण्यात कालवली. पाणी पोपटी हिरवं झालं. मग त्याने आणि नुकत्याच आलेल्या वॉचमनने मिळून सेप्टिक टँकचं झाकण सरकवलं. मनोरमाबाई चार पावलं मागे झाल्या तरी त्या वासाने त्यांना गाठलंच. आत अख्ख्या इमारतीचं सगळं साचलेलं होतं, वर तपकिरी साय धरलेली, आणि सायीवर झुरळं निवांत फिरत होती. क्लेटनने हिरवं पाणी त्यात ओतलं आणि झाकण लावलं.

"आता थांबायचं. पाण्याच्या टाकीत हे उतरलं नाही, तर भिंत चांगली आहे."

"उतरेल कसं?" मनोरमाबाई म्हणाल्या. त्या वर गेल्या नाहीत. वॉचमनच्या खुर्चीवर बसल्या. निकाल त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता. पाणी एक दिवसाआड संध्याकाळी यायचं, त्यामुळे टाकी आत्ता तळाला गेली होती. क्लेटन म्हणाला, हे बरंच झालं, भिंत उघडी दिसेल.

वेळ जावा म्हणून त्यांनी विचारलं, "आयुष दिसतो का हो तुम्हाला?"

"रोज. ममीच्या मागे मागे वाडीत असतो. केळी खातो, विहिरीवर जातो."

"विहिरीचं पाणी पितो?"

"उकळून देतात मॅडम. चांगलं अंग धरलंय त्याने."

मनोरमाबाईंना ते ऐकून आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्यात काहीतरी बोचलं. त्यांच्या हातचं सात्त्विक खाऊन जे झालं नाही, ते परक्याच्या वाडीत चार केळी खाऊन झालं होतं.

उन्हं उतरायला लागली तेव्हा क्लेटनने पाण्याच्या टाकीचं झाकण काढलं. जमिनीवर पालथा झोपून त्याने डोकं आत घातलं. टॉर्चचा उजेड आत फिरला आणि एका जागी थांबला. बराच वेळ तो तसाच पडून राहिला.

"काय झालं?" आत्मारामांनी विचारलं.

क्लेटन उठला. पँटची धूळ झटकली. "काका, तुम्ही बघा. काकू, तुम्ही नका बघू."

त्या बघणारच होत्या. गुडघे दुखत होते तरी त्या पदर खोचून खाली बसल्या आणि वाकल्या.

पलीकडच्या भिंतीला एक तिरपी चीर गेली होती. तिच्यातून हिरवे ओघळ उतरत होते. घाई नाही, खंड नाही, सवयीचा रस्ता असावा तसे. चिरेच्या खाली भिंतीला काळा बुळबुळीत थर चढला होता आणि त्या थरावरून घसरत ते हिरवं पाणी तळाच्या पाण्यात मिसळत होतं. टाकीत तोच वास होता. ब्लीचिंग पावडरच्या वासाखाली दबलेला, पण तोच.

"टाकी भरलेली असते तेव्हा इकडचं पाणी तिकडे जातं," क्लेटन सांगत होता. "टाकी खाली झाली की तिकडचं इकडे येतं. एक दिवसाआड पाणी, म्हणजे एक दिवसाआड हे."

मनोरमाबाईंना आधी तांदूळ आठवले. ते त्या तीन पाण्यांनी धुवायच्या. मग देवांची आंघोळ. मग ते तीर्थ, पळीने प्रत्येकाच्या तळहातावर दिलेलं. घरातली एकेक गोष्ट त्या पाण्यात बुडत गेली आणि सगळ्यात शेवटी हंडा आला. तांब्याचा, लखलखीत घासलेला. तळाशी ठेवायचं नाही. सगळं संपव.

त्या खांबामागे गेल्या आणि थुंकल्या. पुन्हा थुंकल्या. पार्किंगमध्ये थुंकणाऱ्यांशी त्या वर्षानुवर्षं भांडत आल्या होत्या. तोंड धुवावं असं वाटलं आणि मग लक्षात आलं, नळाला तेच पाणी आहे. जे बाहेर पडायला हवं होतं ते काही पडलं नाही.

मागे तावडे बोलत होते.

"हे बघा, झालं ते झालं. आता बोंबाबोंब नको. माझ्या फ्लॅटच्या विक्रीचं रजिस्ट्रेशन पुढच्या आठवड्यात आहे. तेवढं होऊ द्या, मग मीटिंग घेऊ, भिंत बांधू, काय करायचं ते करू."

"आणि तोपर्यंत?" क्लेटनने विचारलं.

"तोपर्यंत ब्लीचिंग वाढवू," आत्माराम हलकेच म्हणाले. "मागच्या वेळी वास गेला होता त्याने."

मनोरमाबाई खांबाला धरून उभ्या होत्या. त्या वळल्या.

"मागच्या वेळी म्हणजे कधी?"

आत्मारामांनी तावड्यांकडे पाहिलं. तावड्यांनी स्कूटरकडे.

"अहो, मी विचारतेय. कधी?"

"पावसाळ्याच्या आधी. टाकी साफ करणारा म्हणाला होता, थोडं झिरपतंय म्हणून."

"पावसाळ्याच्या आधी आयुष इथे होता."

"मी ब्लीचिंग टाकत होतो ना. स्वतः उभं राहून टाकून घेत होतो. भिंत बांधायची म्हणजे सगळी बिल्डिंग बिनपाण्याची ठेवायची, लोकांना सांगायचं. लोक नावं ठेवतात, मनोरमा. सेक्रेटरी काय करत होता म्हणतात."

"त्याला कावीळ झाली तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"कावीळ शंभर गोष्टींनी होते."

"आणि मी सुरुचीला बोलत होते तेव्हा?"

मनोरमाबाईंना ती सकाळ लख्ख दिसली. सुरुची दाराशी, खांद्याला पर्स, ऑफिसला उशीर होत असलेली. आपण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. आणि सोफ्यावर हे, पेपर वाचत. आपण घाण म्हणालो तेव्हा यांनी पान उलटलं होतं. या माणसाचं ताट, याचा ग्लास, याचे बनियन आपण जन्मभर लख्ख ठेवले, आणि हा ते सगळं पोटात घालून मूग गिळून बसला. सेप्टिक टँकच्या सायीवरून फिरणाऱ्या झुरळांची आली नव्हती इतकी किळस त्यांना नवऱ्याची आली. ती किळस त्याच्यापाशी थांबलीही नाही. यांनी फक्त पान उलटलं होतं. ते शब्द आपलेच होते, कुणी पढवलेले नव्हते, आणि ते बोलताना आपल्याला बरं वाटलं होतं. अगदी स्वच्छ वाटलं होतं.

तावडे झाकण सरकवायला वाकले.

"हात लावू नका," मनोरमाबाई म्हणाल्या.

"वहिनी, उघडं कसं ठेवणार? कुणी पडलं तर?"

"पडणार नाही. हे बसणार आहेत इथे." त्यांनी वॉचमनची खुर्ची उचलून टाकीच्या तोंडाशी आणून ठेवली. "बसा."

"मनोरमा, लोक यायची वेळ झालीय."

"म्हणूनच म्हणतेय. येईल त्याला दाखवायचं. पावसाळ्याच्या आधीपासूनचं सगळं सांगायचं, आणि तुमच्याच तोंडाने. तळाशी काही ठेवायचं नाही."

आत्माराम क्षणभर उभे राहिले, मग बसले. टॉर्च क्लेटनने त्यांच्या हातात दिला. तावडे मोबाइल काढून गेटच्या दिशेने चालायला लागले आणि वॉचमन उगाच बादली विसळायला घेऊन गेला.

"रिपोर्ट मॅडमना मी पाठवू?" क्लेटनने विचारलं.

"आधी मी सांगते."

त्या गेटपाशी गेल्या. पाणीपुरीची गाडी नुकतीच लागत होती. त्यांनी तिकडे पाठ केली आणि नंबर लावला. इतक्या महिन्यांत त्यांनी सुरुचीला स्वतःहून फोन केला नव्हता.

"हं, आई. बोला." आवाज सावध होता. मागे ऑफिसातली गडबड ऐकू येत होती.

"क्लेटन येऊन गेला. म्हणजे आहे अजून."

"काय म्हणाला?"

"आयुषला इकडे आणू नकोस."

सुरुची म्हणाली, "ठीक आहे. तुमची इच्छा नसेल तर मी काय..."

"तसं नाही गं. टाकीत संडासाचं येतंय. सेप्टिक टँकचं. भिंत फुटलीय मधली. मी डोळ्यांनी पाहिलं. ह्यांना आधीपासून ठाऊक होतं. आणि मी आयुषला तेच पाजत होते, सुरुची. रोज सकाळी. पुढ्यात उभी राहून."

ऑफिसातली गडबड हळूहळू मागे पडली. सुरुची उठून कुठेतरी बाहेर गेली असावी. एक दार लागल्याचा आवाज आला.

"बोल ना काहीतरी," मनोरमाबाई म्हणाल्या. "मी किती बोलले होते तुला. आता तू बोल. मी ऐकून घेईन."

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडली असती तर निदान कुठेतरी निचरा झाला असता. तिने एवढंच विचारलं,

"तुम्ही पण तेच पिताय ना?"

"हो."

"आजपासून नका पिऊ. रात्री तिथे जेवूही नका. पापडीला या. क्लेटन येणारच असेल घरी, त्याच्या गाडीतून या. मी आज लवकर निघते."

मनोरमाबाई भराभरा बोलायला लागल्या. "येते. येते मी. आयुषला रव्याचे लाडू आवडतात ना, सकाळीच वळलेत, बघ कसा योग. डबा भरून घेते. आणि ते लिंबाचं गोड लोणचं, तुलाही..."

"आई."

आवाजात राग नव्हता. आजाऱ्याशी बोलावं तसा तो खाली आला होता.

"काही आणू नका. घरातलं काहीच नको."

"बरं," मनोरमाबाई म्हणाल्या.

टाकीपाशी दोन-तीन माणसं जमली होती आणि आत्माराम खाली मान घालून त्यांना काहीतरी सांगत होते. त्या वर गेल्या नाहीत. क्लेटनने गाडीचं पुढचं दार उघडून दिलं. नातवाकडे, किंवा कुणाकडेही, काही न घेता जायची त्यांना सवय नव्हती. सीटवर बसल्यावर हात कुठे ठेवावेत, तेच त्यांना कळेना.